शेतकऱ्याचा पोरगा, अमेरिकेच्या घटनेवर सही, आणि शेवटी कर्जापायी तुरुंग: जेम्स विल्सनबद्दल कोणी वाचलंय का?

तिसरा_बाक:

मंडळी, एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घटनेचा पेपर तोंडावर आलाय आणि मी नेहमीप्रमाणे सिलॅबस सोडून भलतंच वाचत बसलोय. आपल्या राज्यघटनेत अमेरिकेकडून काय काय आलं ते बघता बघता जेम्स विल्सन हे नाव समोर आलं. वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, हॅमिल्टन ही नावं पाठ असतात आपल्याला, पण हा बाबा कधी ऐकलाच नव्हता. आणि बायोडेटा बघा: जन्म १७४२, स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यात सीरिस गावाजवळच्या कार्सकेर्डो नावाच्या शेतावर, घरची साधी शेती, वयाच्या तेविसाव्या वर्षी अमेरिकेला गेला आणि पुढच्या अकरा वर्षांत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही!! मग १७८७ च्या घटनेवर पण सही (दोन्हीवर सह्या असलेले फक्त सहा जण आहेत म्हणे), मग सुप्रीम कोर्टाच्या अगदी पहिल्या न्यायमूर्तींपैकी एक, वर कायद्याचा प्रोफेसर. आणि शेवट काय तर सावकारांपासून पळताना एका खानावळवजा लॉजमधे मृत्यू, तोही न्यायमूर्तीपदावर असतानाच.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. एक तर अठराव्या शतकात शेतकऱ्याच्या मुलाला लॅटिन, ग्रीक, तत्त्वज्ञान शिकायला मिळालंच कसं? दुसरं म्हणजे हा खरंच विद्वान होता की चांगला वकील आणि बाकी राजकारण? आणि तिसरं, कायदा इतका कोळून प्यायलेला माणूस कर्जात इतका बुडतो कसा राव?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. परीक्षेत येणार नाही हे माहितीये, तो सल्ला नको.

काळा_कोट_जुना:

परीक्षेत येणार नाही म्हणूनच वाचण्यासारखं आहे, वाचा बिनधास्त.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्कॉटलंडच्या शाळांमधे आहे. तिथे १६९६ साली कायदा झाला की प्रत्येक पॅरिशमधे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांमधे, शाळा हवीच आणि तिचा नि मास्तरच्या पगाराचा खर्च तिथल्या जमीनदारांनी उचलायचा. सगळीकडे नीट अंमलबजावणी झाली असं नाही, पण फाइफसारख्या सखल भागात बऱ्यापैकी झाली. तिथल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिश्चनांना प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं असं वाटायचं, त्यामुळे शिक्षण हा धर्माचाच भाग. हुशार पोरगा दिसला की गावचा मास्तर त्याच्याकडून लॅटिन घोटून घ्यायचा आणि मग तो युनिव्हर्सिटीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचा. विल्सन असाच १७५७ मधे, पंधराव्या वर्षी, सेंट अँड्र्यूजला शिष्यवृत्तीवर गेला. पंधरा म्हणजे लहान वाटेल, पण तिथे तेव्हा तेच वय असायचं कॉलेजचं. घरच्यांची, विशेषतः आईची इच्छा एकच, मुलाने पाद्री व्हावं. तो धर्मशास्त्राच्या वर्गात बसलासुद्धा, पण वडील गेले आणि ते सुटलं. मग कुणाच्या तरी घरी मुलांना शिकव, एडिंबरोला जाऊन हिशेबठिशेब शिक, असं करत १७६५ मधे सरळ जहाजात बसला.

फिलाडेल्फियात उतरल्यावर त्याच्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती, लॅटिन. तिथल्या कॉलेजात लॅटिन शिकवायची नोकरी मिळाली, पुढच्या वर्षी त्याच कॉलेजने मानद एम.ए. पण दिली. पण मास्तरकीत पैसा नाही हे याच्या लवकर लक्षात आलं (हे अजून बदललेलं नाही) आणि तो जॉन डिकिन्सन या त्या वेळच्या बड्या वकिलाच्या ऑफिसात शिकायला लागला. तेव्हा लॉ कॉलेज वगैरे काही नव्हतं, सीनियरच्या चेंबरमधे बसायचं, कागद नकलायचे, पुस्तकं वाचायची. १७६७ ला सनद. मग प्रॅक्टिस रीडिंगला आणि नंतर कार्लाईलला, तिथे सगळी स्कॉच-आयरिश वस्ती, म्हणजे अशिलं याच्याच बोलीची, आणि निम्मी भांडणं जमिनीची. जमिनीच्या कज्ज्यांवर याने नाव कमावलं, आणि जमिनीची चटकही बहुतेक तिथेच लागली, पण ते नंतर.

विद्वान होता का, तर हो, आणि पुरावा सनदेनंतरच्या वर्षातलाच आहे. १७६८ मधे, म्हणजे वय २६, त्याने एक पुस्तिका लिहिली की ब्रिटिश पार्लमेंटला वसाहतींवर कायदे करायचा अधिकार कुठवर आहे. बाकीचे सगळे तेव्हा म्हणत होते की कर लावायचा अधिकार नाही पण व्यापाराचे कायदे चालतील, अमुक चालेल तमुक नाही. हा लिहायला बसला तोही अशी काहीतरी रेघ सापडेल म्हणूनच, आणि विचार करता करता या निष्कर्षाला आला की रेघ नाहीच, अधिकार शून्य. आम्ही तुम्हाला निवडून दिलेलं नाही, तर तुमचा कायदा आमच्यावर नाही, आपल्यात समान फक्त राजा. छापली मात्र सहा वर्षांनी, १७७४ ला, तेव्हा वातावरण तापलं होतं. त्यात सगळी माणसं जन्मतः समान आणि स्वतंत्र, आणि ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्या संमतीवरच कायदेशीर सरकार उभं राहतं, या अर्थाची वाक्यं आहेत. जेफरसनचा मसुदा १७७६ चा. तारखा बघा आणि काय ते ठरवा.

गंमत म्हणजे पार्लमेंट वेगळं पण राजा एकच, ही कल्पना ब्रिटिशांनी कायद्याने स्वीकारली १९३१ मधे, डोमिनियनांसाठी, म्हणजे साम्राज्यातल्या स्वराज्य मिळालेल्या देशांसाठी. आपणही १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० याच चौकटीत होतो.

खडूस_काकू:

सगळे आरती ओवाळायच्या आधी एक आठवण करून देते. गुलामांची लोकसंख्या तीन पंचमांश मोजायची, तो जो कुप्रसिद्ध सौदा झाला ना घटना लिहायला भरलेल्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात, तो ११ जून १७८७ ला मांडला याच विल्सनसाहेबांनी आणि अनुमोदन दिलं दक्षिणेतल्या पिंकनीने. म्हणजे माणसाला मत नाही, हक्क नाही, पण त्याच्या मालकाच्या राज्याला प्रतिनिधिगृहात जागा जास्त. "सगळे जन्मतः समान" लिहिणाऱ्याच्या हातून हे झालंय.

आणि असंही नाही की त्याला कळत नव्हतं. जुलैमधे तोच उठून विचारतो की हे लोक नागरिक धरायचे तर बरोबरीने का नाही, आणि मालमत्ता धरायची तर मग बाकीची मालमत्ता का नाही मोजत. म्हणजे तर्क चोख, मत मात्र सौद्याच्या बाजूने. मला अशा माणसांचा जास्त राग येतो. ज्याला कळतच नाही त्याला एकवेळ सोडून देता येतं.

तिसरा_बाक:

काकू, मुद्दा मान्य, हे मी वाचलं नव्हतं. पण मग त्या अधिवेशनात त्याचं बाकी योगदान काय? सगळीकडे मॅडिसनच दिसतो.

इतिहासाचा_नाद:

मॅडिसन दिसतो कारण टिपणं मॅडिसनने काढली आणि ती मागे राहिली, अर्धं श्रेय तिथेच मिळतं.

विल्सन त्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त बोलणाऱ्यांमधे दुसरा, १६८ वेळा उठलाय, पहिला गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्याचं नाव आहे, हुद्दा नव्हे). १ जूनला याने सुचवलं की कार्यकारी सत्ता एकाच माणसाच्या हातात द्या. त्यावर सभागृहात बराच वेळ कोणी काही बोललंच नाही, मॅडिसनने ती शांतता पण टिपून ठेवलीये. सभागृहात अधिवेशनाचा अध्यक्ष वॉशिंग्टन बसलेला, सगळ्यांना माहिती की एकच माणूस म्हणजे कोण, त्याच्या तोंडावर बोलायचं कसं. शेवटी फ्रँकलिन म्हाताऱ्याने सांगितलं की बोला बाबांनो, विषय महत्त्वाचा आहे.

मग विल्सन म्हणतो राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा, सिनेटही थेट लोकांनी निवडावी. कोणी ऐकलं नाही. थेट जमत नाही म्हणताच त्याने दुसऱ्याच दिवशी मधे निर्वाचक घालायची योजना आणली, ती पण तेव्हा पडली आणि शेवटी फिरून तसंच काहीतरी आलं. सिनेटचं थेट मतदान यायला १९१३ उजाडलं. राष्ट्राध्यक्षाचं अजून आलेलं नाही!

शिवाय प्रत्यक्ष मसुदा लिहायला जी पाच जणांची समिती होती, त्यात हा होता आणि त्या मसुद्याचे कागद बरेचसे याच्या हस्ताक्षरात आहेत. जाड भिंगाचा चष्मा, स्वभाव जरा ताठ, शिष्ट म्हणावा असा. लोकशाहीवर सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवणारा हा माणूस प्रत्यक्ष लोकांमधे कधी लोकप्रिय झाला नाही. त्याच्या घरावर तर हल्ला झाला होता.

डेलावेअरकाठी:

हल्ल्याचं मी सांगते, मी फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहते आणि पाहुणे आले की त्यांना घेऊन जुन्या भागात ठरलेली चक्कर असते.

तिसरी गल्ली आणि वॉलनट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर याचं घर होतं. १७७९ ला शहरात महागाई भयंकर, कागदी डॉलरची किंमत पार गेलेली, पीठमीठ परवडेना, आणि मिलिशियातले लोक, म्हणजे लढायला गेलेली गरीब माणसं, व्यापाऱ्यांवर चिडलेली. विल्सन भावनियंत्रणाच्या विरोधात. त्यात आणखी आदल्या वर्षी इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपात अडकलेल्यांची वकीलपत्रं याने घेतलेली. त्यातल्या क्वेकर या ख्रिश्चन पंथाच्या दोघांना, अब्राहम कार्लाईल आणि जॉन रॉबर्ट्स यांना, फाशी झाली, पण त्यांच्या बाजूने कोर्टात उभा कोण होता हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ४ ऑक्टोबरला मिलिशियाची माणसं बंदुका घेऊन घरावर आली, आत विल्सन आणि त्याचे मित्र, ते पण बंदुका घेऊन. कॅम्पबेल नावाचा एक कॅप्टन वरच्या खिडकीतून डोकावून काहीतरी ओरडला आणि तिथेच गोळी लागून गेला. दोन्हीकडून गोळीबार, खाली दरवाजा फोडायला हातोडे, तेवढ्यात पेनसिल्व्हेनिया राज्याचा प्रमुख जोसेफ रीड घोडदळ घेऊन आला म्हणून आतले वाचले. दोन्हीकडची मिळून काही माणसं मेली. विल्सनला काही दिवस शहर सोडून राहावं लागलं. नंतर असेंब्लीने सगळ्यांनाच माफी दिली. त्या घराला पुढे कायम "फोर्ट विल्सन" म्हणायचे. घर आता नाही, तिथे उभं राहून पाहुण्यांना "इथे होतं" एवढंच सांगता येतं, आणि माझ्या मामेसासऱ्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

कबर मात्र आहे, क्राइस्ट चर्चला, सेकंड स्ट्रीटवर. लक्षात ठेवा, चर्चचं मोठं दफनस्थान वेगळं, ते आर्च स्ट्रीटला, तिथे फ्रँकलिन आहे आणि त्याच्या दगडावर लोक पेनी टाकतात. विल्सन चर्चच्या अंगणातच आहे. त्याच आवारात रॉबर्ट मॉरिस पण आहे, म्हणजे ज्याने क्रांतीचा पैसा उभा केला तो. तोही दोन्ही कागदांवर सही केलेला, आणि तोही जमिनीच्या सट्ट्यात बुडून साडेतीन वर्षं कर्जदारांच्या तुरुंगात. दोघे आता शेजारी.

काळा_कोट_जुना:

वा, डेलावेअरताई, हे माहितीचं काम झालं. आता मी त्याच्या खऱ्या कायद्याच्या कामावर येतो, कारण मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहिलाय.

१५ डिसेंबर १७९० ला त्याने फिलाडेल्फियाच्या कॉलेजात कायद्यावर व्याख्यानं सुरू केली, पहिल्या दिवशी समोर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन, उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स, काँग्रेसचे सदस्य आणि स्त्रियासुद्धा. जिथे पंचवीस वर्षांपूर्वी लॅटिन शिकवायला लागला तेच कॉलेज. तेव्हा सगळे वकील ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताच्या ग्रंथावर वाढलेले. ब्लॅकस्टोन म्हणतो कायदा म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेली आज्ञा. विल्सन म्हणतो हे मुळातच चूक, इथे वरचा कोण? कायदा बांधतो कारण ज्याने पाळायचा त्याने संमती दिलीये. हे तो कुठून आणतो, तर बरंचसं स्कॉटलंडमधून, थॉमस रीडच्या तत्त्वज्ञानातून. रीडचं म्हणणं सोप्या शब्दांत असं की साध्या माणसाची साधी समज भरवशाची असते, तत्त्वज्ञांनी तिला वेड्यात काढू नये. शेतावरून आलेल्या माणसाला हे पटलं यात नवल नाही. साध्या माणसाची समज भरवशाची असेल तर त्याच्या हातात मत द्यायला काय हरकत, विल्सनचं सगळं राजकारण मला तरी इथूनच निघालेलं दिसतं. व्याख्यानमाला पुरी झालीच नाही, मधेच सोडली, पुस्तकरूपाने आली ती तो गेल्यावर १८०४ मधे, मुलाने काढली.

आणि न्यायमूर्ती म्हणून एकच निकाल वाचायचा असेल तर चिझम विरुद्ध जॉर्जिया, फेब्रुवारी १७९३. दक्षिण कॅरोलिनातल्या एका व्यापाऱ्याने युद्धात जॉर्जिया राज्याला माल पुरवला, पैसे मिळाले नाहीत, तो मेला, त्याचा एक्झिक्युटर (मृत्युपत्र अंमलात आणणारा) चिझम सुप्रीम कोर्टात आला. जॉर्जिया म्हणालं आम्ही सार्वभौम राज्य, आमच्यावर दावा कसला, आणि हजरच झालं नाही. विल्सन निकालात विचारतो की मुळात सार्वभौम हा शब्द घटनेत आहे कुठे, आणि असलेच कोणी सार्वभौम तर ते लोक. मग रीडचा हवाला, मग ग्रीस, मग रोम, हातात आलेली लाइन तो सोडत नाही. त्यातलं एक वाक्य असं की राज्य हे व्यापाऱ्यासारखाच करार करतं, लबाड राज्य लबाड व्यापाऱ्यासारखंच तो बुडवतं, आणि व्यापाऱ्याला कोर्टात खेचता येतं तर राज्याला "मी सार्वभौम" म्हणून सुटता येईल का, मुळीच नाही. चार विरुद्ध एक निकाल. राज्यं इतकी हादरली (सगळ्यांचीच युद्धातली देणी थकलेली) की १७९५ पर्यंत अकरावी दुरुस्ती करून निकाल पुसून टाकला.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३०० मुळे सरकारवर सरळ दावा लावता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस दिली की झालं, त्यामुळे आपल्याला यात काय विशेष असं वाटतं. ज्यांनी सरकारी बिलं वसूल करून दिलीत त्यांना विचारा विशेष काय ते.

विरुद्ध मत देणारा तो एकटा न्यायमूर्ती म्हणजे आयर्डेल, नॉर्थ कॅरोलिनाचा. त्याचं नाव लक्षात ठेवा.

तिसरा_बाक:

कोर्टात लबाड व्यापाऱ्याला सुनावणारा माणूस स्वतः सावकारांपासून पळाला, म्हणजे कमालच आहे. पण मला प्रोसिजर कळत नाही, सुप्रीम कोर्टाच्या सिटिंग न्यायमूर्तीला अटक होते कशी? काही संरक्षण नाही?

काळा_कोट_जुना:

दिवाणी देण्यासाठी अटक हा तेव्हाचा नेहमीचा मार्ग होता, धनको कोर्टातून वॉरंट काढायचा, जामीन मिळेपर्यंत किंवा पैसे देईपर्यंत आत. न्यायमूर्ती असलात म्हणून वेगळा कायदा नाही. बरं हे न्यायमूर्ती दिल्लीत बसल्यासारखे एका जागी बसलेले नसायचे, वर्षातून दोनदा घोड्यावर नाहीतर गाडीत बसून सर्किट फिरायचे, म्हणजे ठिकठिकाणी जाऊन कोर्ट भरवायचे, त्यामुळे ज्या राज्यात देणं त्याच राज्यातून जायची पाळी यायची.

आणि देणं साधं नव्हतं. याने पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, जॉर्जिया इथे लाखो एकर जमीन उचलली होती, जवळपास सगळी उसन्या पैशावर. हिशेब असा की युरोपातून माणसं येणार, भाव वाढणार, मी विकणार. स्वतः जहाज पकडून आलेला माणूस, त्याला वाटलं सगळं स्कॉटलंड मागून येतंय. जॉर्जियाच्या त्या बदनाम याझू जमिनीतही याचे हात होते, आमदारांना लाच देऊन झालेला व्यवहार तो. मग १७९६-९७ ला बाजार कोसळला, युरोपात युद्ध, इंग्लंडच्या बँकेने सोनं देणं बंद केलं, तिकडचा पैसा आटला, इकडे व्याज चालूच. आधी न्यू जर्सीत बर्लिंग्टनला तुरुंग, तिथून मुलाने जामीन देऊन सोडवलं. मग दक्षिणेला पळाला तर तिथे पियर्स बटलरने धरलं, १,९७,००० डॉलरच्या देण्यासाठी. हा बटलर म्हणजे घटनेवर सही करणाऱ्यांपैकीच एक, त्याच हॉलमधे बसलेला!

सुटून नॉर्थ कॅरोलिनात ईडनटनला राहिला. ईडनटन का, तर ते आयर्डेलचं गाव. ज्याने चिझममधे एकट्याने विरुद्ध लिहिलं त्याच्याच आधाराला गेला. पत्रात लिहितो की जंगली जनावरासारखं माझ्या मागे लागलेत. अंगावरचे कपडे फाटायला आलेले, सोबत दुसरी बायको हॅना, पंचविशीतली. मलेरिया झाला, त्यातून थोडा उठला तर पक्षाघाताचा झटका आला, आणि २१ ऑगस्ट १७९८ ला गेला, वय ५५. राजीनामा दिलेला नाही, कोणी महाभियोगही आणला नाही. हॅनाला आयर्डेलने घरी नेलं.

तिथेच एका मळ्यावर पुरलं, आणि फिलाडेल्फियाला आणलं १९०६ मधे, नौदलाच्या जहाजातून, इंडिपेंडन्स हॉलमधे ठेवून, न्यायमूर्ती वगैरे हजर.

खडूस_काकू:

धनकोंचं काय झालं ते कोणी विचारत नाही बघा. आणि हॅनाचं वय लग्नात १९ होतं, हा ५१ चा, सर्किटवर बोस्टनला गेला तिथे बघितली आणि काही महिन्यांत लग्न. पहिली बायको रेचल सहा मुलं मागे ठेवून १७८६ लाच गेली होती. त्या हॅनाने उन्हाळ्यात त्या लॉजमधे आजाऱ्याची सेवा केली, यावर लिहा कोणीतरी.

इतिहासाचा_नाद:

काकूंचं बरोबर आहे, हॅनावर फार कमी वाचायला मिळतं.

जाता जाता दोन गोष्टी. विल्सनच्या जागी कोर्टात कोण आला माहितीये का, बुशरॉड वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतण्या. त्याने वकिली शिकली विल्सनच्याच ऑफिसात, आणि शंभर गिनी फी काकांनी भरली होती, तीपण रोख नाही, प्रॉमिसरी नोट लिहून. दुसरं म्हणजे ज्या मुलाने व्याख्यानं छापली तो बर्ड विल्सन, तो आधी न्यायाधीश झाला आणि मग ते सोडून पाद्री झाला. कार्सकेर्डोच्या आजीची इच्छा एक पिढी उशिरा का होईना पुरी झाली.

तिसरा_बाक, वाचायचंच असेल तर आधी चिझममधलं त्याचं मत वाचा, एका बैठकीत होतं. मग १७७४ ची पुस्तिका. व्याख्यानं शेवटी घ्या, फार पाल्हाळ आहे, पण ब्लॅकस्टोनवरचा भाग सोडू नका. आणि आधी पेपर देऊन या.

तिसरा_बाक:

सल्ला नको म्हटलं होतं तरी दिलाच 😄 चिझम डाउनलोड केलंय. कलम ३०० चं पण नीट बघतो, ते तरी येईल पेपरात.